तोंडचं पाणी

डिसेंबरात मला आंब्याचा वास आला होता, आणि मी तो नुसता घेऊन सोडून दिला.

जत्रेची रात्र होती. गोव्यातल्या पेडण्यात या दिवसांत आज या गावची, उद्या त्या गावची अशा जत्रा लागलेल्या असतात, आणि म्हापशात राहायला येऊन वीस वर्षं झाली तरी त्यांतली एक तरी मी चुकवत नाही. पालखी फिरून झाली होती, दशावतारी मंडळी पेटी-पखवाज लावून घेत होती. भावाचा मुलगा बाबू माझ्या शेजारी चटईवर येऊन बसला. वय एकोणीस, पणजीच्या बाजूला कॉलेजात, मित्रांबरोबर भाड्याच्या खोलीत राहतो. गोंगाटात ऐकू यावं म्हणून तो माझ्या कानाशी वाकून काहीतरी बोलला, आणि त्याच्या तोंडाला आंब्याचा वास आला. पिकलेला, गोड, जरा जास्तच गोड. मी म्हटलं, "अरे, आंबा कुठला खाल्लास या दिवसांत?" तो हसला. "च्युइंग गम, आत्या." मला बरं वाटलं. विडीचा नाही, दारूचा नाही, पोराच्या तोंडाला आंब्याचा वास येतोय. आत्याला आणखी काय हवं? पुडीतलं खाजं मी त्याच्यापुढे धरलं. जत्रेतलं खाजं, गुळाच्या पाकातलं, आल्याचा झणका असलेलं. लहानपणी हाच मुलगा ते कडाकडा चावून माझ्या वाटणीचंही संपवायचा. त्याने एक कांडी घेतली, डाव्या दाढेखाली सरकवली, तोंड किंचित वाकडं केलं आणि तशीच चघळत बसला. उरलेली अर्धी नंतर मला चटईच्या कडेला दिसली, मुंग्या लागलेली.

वासही मी घेतला होता, खाजंही मी पाहिलं होतं. आणि तेवढ्यात पडद्याआडून गणपती आला, म्हणून मी तिकडे बघत राहिले.

आमच्या घरात माणसं वासावरून ओळखली जायची. संध्याकाळी काका सोप्यावर टेकले की बाबा आतूनच सांगायचे, आज हुर्राक आहे की फेणी, की नुसता उन्हातला घाम. आजी मशेरी लावायची. तव्यावर तंबाखू भाजायला घेतली की आम्ही पोरं खोकत अंगणात पळायचो, आणि तो ठसका म्हणजेच आजीचा वास असं आम्हाला वाटायचं. तिच्या हिरड्या काळ्या पडल्या होत्या, दात एकेक करून हलत गेले आणि साठीच्या आत ती मऊ भात कालवून गिळू लागली होती. तेव्हा दातांच्या बाबतीत आमचा जुना काळ मोठा पवित्र होता, असं मला म्हणायचं नाही. आजोबा मात्र पहाटे परसातल्या आंब्याचं पान तोडायचे, मधली शीर काढून पान दुमडायचे, दातांवर घासायचे आणि त्या शिरेनेच जीभ खरवडायचे. मग विहिरीवर उभं राहून मोठ्या आवाजात चूळ भरायचे. त्या आवाजाने आम्हाला जाग यायची. ते पान तुरट लागायचं. मला दिलं की मी थुंकून टाकायची. एकाच परसात, एकाच सकाळी, इकडे आंब्याचं पान आणि तिकडे मशेरीची डबी. पण कोण तोंडात काय धरतंय, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असायचं.

तिसरा एक वास होता, मागच्या खोल्यांचा. आमच्या गावात, हरमलला, परदेशी पाहुणे यायला लागले तेव्हा बाबांनी माडांच्या बाजूला दोन खोल्या काढल्या, आधी झावळ्यांच्या, मग चिऱ्यांच्या. पाहुणे दिवाळीनंतर यायचे, पाऊस लागायच्या आधी जायचे. दिवसभर गोड्या पाण्याच्या तळ्याकडे, नाहीतर वर रानात वडाखाली. तिन्हीसांजेला खोल्यांकडून जड, जळक्या पाल्यासारखा वास यायचा. आई दिवा लावायच्या आधी मागचं दार ओढून घ्यायची. मी विचारलं की आजी म्हणायची, "तें तांचें, आमचें न्हय." मला तो वास वाईट वाटायचा नाही, हेही लिहायला हवं. त्यात एक जर्मन बाई मिसळलेली आहे, जी मला रंगीत पेन्सिली द्यायची आणि माझी वेणी घालायची. १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा आला, गांजा-चरस ओढणं हा गुन्हा झाला, अधूनमधून पोलीस येऊन जाऊ लागले, आणि आमच्या मागच्या दाराचा रिवाज तोच राहिला. त्या खोल्यांच्या भाड्यावर माझं बी.एड. झालं, दादाचं लग्न झालं, घरावरची जुनी कौलं बदलली. भाडं आमचं आणि वास त्यांचा, अशी वाटणी आम्ही मनात करून टाकली होती.

बाबू त्याच अंगणात रांगायला शिकला.

फेब्रुवारीत वहिनीचा फोन आला. पोरगा दाढ दुखते म्हणून खोलीवरून घरी आलाय, लवंगेचं तेल लावून झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, तीन रात्री झोप नाही, बांबोळीला दातांच्या इस्पितळात घेऊन जाशील का. दादाला पाहुण्यांचा मोसम, त्याला हलता येत नव्हतं. मी रजा टाकली. ठेवता ठेवता वहिनी म्हणाली, "भूक मात्र हल्ली चांगली आहे गो त्याची. रात्री बाराला उठून मॅगी करतो, बिस्किटांचे पुडे संपवतो, वर कोल्ड्रिंक." तिच्या आवाजात केवढं समाधान होतं. हा मुलगा लहानपणी जेवायचा नाही. तिने त्याच्यामागे ताट घेऊन अर्धा वाडा पालथा घातलेला आहे. गांजा ओढल्यावर अशी अवेळी, गोडाची भूक लागते, हे मला नंतर कळलं. वहिनीला मी ते अजून सांगितलेलं नाही. तेवढी एक गोष्ट तिच्यापाशी राहू दे असं मला वाटतं, आणि सांगायला हवं असंही वाटतं.

दंत महाविद्यालयाच्या बाकड्यावर आम्ही बराच वेळ बसलो. तिथे सगळीकडे लवंगेच्या तेलाचा आणि स्पिरिटचा मिसळलेला वास असतो. बाबू दर थोड्या वेळाने बाटलीतलं पाणी घोटत होता, ओठांच्या कडा चिरलेल्या होत्या. उकाडा आहे, असं मी मनाशी म्हटलं. नंबर आला. डॉक्टर म्हणजे त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल अशी मुलगी, आवाज शांत. तिने छोटा गोल आरसा त्याच्या गालाच्या आत घातला आणि काढताना तो आतल्या कातडीला चिकटला. सुटताना बारीक चट् असा आवाज झाला. ती तिथेच थांबली. पुन्हा लावून पाहिला, पुन्हा चिकटला. "तोंड नेहमी असं कोरडं असतं?" तो म्हणाला, असतं. मग तिने एकेक दात पाहिला. पुढच्या दातांच्या कडांना आणि हिरडीलगत खडूसारखे पांढुरके डाग होते, मागे दोन दाढा आतून पोखरलेल्या. या वयात पुढच्या दातांच्या कडेला कीड सहसा दिसत नाही, ती म्हणाली, आमच्याकडे कमी आणि स्वतःशी जास्त. "ब्रश करताना रक्त येतं?" "नाही, कधीच नाही," बाबूने जरा ताठ होऊन सांगितलं. "तेच मला खटकतंय," ती म्हणाली. "एवढा थर साचलाय, सळई एवढी खोल जातेय, म्हणजे रक्त यायला पाहिजे."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी जरा बाहेर बसेन का असं विचारलं. मी उठले. बाबू छताकडे बघत म्हणाला, "राहू दे तिला." मग तिने सरळ विचारलं, व्हेप, म्हणजे ती वाफेची ई-सिगारेट, ओढतोस का. मान हलली. आणखी काही? मान हलली नाही, पण डोळे मिटले. "हे बघ, मी पोलीस नाही. दाढ बधिर करायला जे इंजेक्शन देते त्यात अ‍ॅड्रेनलिन असतं. गांज्याने हृदय आधीच जोरात चालत असतं, त्यावर हे गेलं तर त्रास होऊ शकतो. म्हणून आजचं खरं सांग." बराच वेळ कोणी बोललं नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या यंत्राचा घरघराट तेवढा येत होता. "सकाळी थोडा," तो म्हणाला. "दुखत होतं म्हणून." तिने सुई बाजूला ठेवली, दाढेत तात्पुरतं औषध भरलं आणि पुढच्या आठवड्यातली तारीख दिली. त्या दिवशी काही न ओढता यायचं.

बाहेर आल्यावर मी एवढंच विचारलं, "जत्रेत तुझ्या तोंडाला आंब्याचा वास येत होता, तो याचाच?"

"मँगो आइस," तो म्हणाला.

मी अकरावी-बारावीला मराठी शिकवते. तोंडचं पाणी पळणे, या वाक्प्रचाराचा अर्थ आजवर किती मुलांना फळ्यावर लिहून दिला असेल! फार घाबरणे. वाक्यात उपयोग करा. त्या बाकड्यावर माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि आत, खुर्चीवर, भाच्याच्या तोंडचं पाणी खरोखरच नाहीसं झालेलं मी पाहिलं होतं. लाळ हा आमच्या बोलण्यात कधी चांगला शब्द नव्हता. लाळ घोटणे, लाळघोटेपणा, लाळेरं. पुढच्या आठवड्यात डॉक्टरने मोकळ्या वेळात मला जे समजावलं ते ऐकल्यापासून मात्र त्या शब्दाबद्दल मला आदर वाटतो. दिवसाकाठी अर्ध्यापासून दीड लिटरपर्यंत लाळ आपल्या तोंडात पाझरते. आपण काही खाल्लं की तोंडातले जंतू त्या साखरेतून आम्ल करतात, आणि ते आम्ल दाताच्या कवचातली खनिजं विरघळवू लागतं. लाळ ते आम्ल सौम्य करते, धुऊन नेते आणि कॅल्शियम-फॉस्फेट परत दाताला आणून देते. ही झीज-भर दिवसभर चाललेली असते. दाताच्या कवचात जिवंत पेशी नसतात, त्यामुळे एकदा खड्डा पडला की ते स्वतःहून भरून येत नाही. जे काही वाचवायचं ते आधी, लाळेनेच. गांज्यातलं जे द्रव्य डोक्याला चढतं, तेच जबड्याखालच्या लाळेच्या ग्रंथींनाही गप्प करतं. व्हेपच्या द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं, ते पाणी ओढून घेतं. ग्लिसरीन चिकट, ते दातांवर बसतं. बाबू हे दोन्ही करत होता, आणि वर मध्यरात्री बिस्किटं आणि कोल्ड्रिंक, तेही झोपताना, जेव्हा लाळ मुळातच कमी होते. दात तो रोज रात्री घासत होता, डॉक्टर म्हणाली. घासून झाल्यावर अंथरुणात पडून पुन्हा ओढत होता.

रक्ताचंही तिने सांगितलं. निकोटीन हिरड्यांमधल्या बारीक रक्तवाहिन्या आकसवतं. आतून सूज असते, हाड सुटू लागलेलं असतं, पण रक्त दिसत नाही, म्हणून माणसाला वाटतं आपल्या हिरड्या ठणठणीत आहेत. हे ऐकून मी जेवढी घाबरले तेवढी त्या पोखरलेल्या दाढांनीही घाबरले नव्हते. आमच्याकडे मुलांवर लक्ष ठेवायची सगळी रीत वासावर आणि रक्तावर उभी होती. तोंडाला वास आला की आईला कळायचं, थुंकीत रक्त आलं की आजी औषधाला धावायची. इथे वास पिकल्या आंब्याचा आणि बेसिन स्वच्छ.

मग मी वाचायला लागले, रात्री जागून. मला विज्ञान कळत नाही, पण आकडे कळतात. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा तिथले संशोधक जन्मापासून मागोवा घेत आले आहेत. त्यातल्या ९०३ जणांच्या हिरड्या त्यांनी २६व्या आणि ३२व्या वर्षी तपासल्या. ज्यांनी सर्वांत जास्त गांजा ओढला होता त्यांच्यात त्या सहा वर्षांत दातांवरची हिरडीची पकड नव्याने सुटण्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या दुपटीहून थोडा जास्त निघाला, तंबाखूचा परिणाम वेगळा काढूनसुद्धा. हे २००८ साली छापून आलं. पुढे ३८व्या वर्षी त्यांनी याच लोकांच्या शरीराच्या बाकीच्या तपासण्याही पडताळल्या, आणि वीस वर्षांच्या ओढण्याची खूण ठळकपणे उमटली ती हिरड्यांवरच. मी हे दोनदा वाचलं. व्हेपबद्दल इतकी जुनी माहिती असणार कुठून, ते आलंच काल-परवा. पण २०१८ साली प्रयोगशाळेत दातांच्या कवचावर गोड स्वादाची वाफ सोडून पाहिली, तेव्हा बिनस्वादाच्या वाफेच्या तुलनेत जंतू चौपट चिकटले आणि कवचाचा कठीणपणा २७ टक्क्यांनी घटला. अमेरिकेतल्या बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठाने आपल्या दवाखान्यातल्या तेरा हजारांवर रुग्णांच्या नोंदी चाळल्या, २०१९ ते २०२२ मधल्या. व्हेप ओढणाऱ्यांपैकी ७९ टक्के जणांना कीड लागण्याचा धोका जास्त ठरला, न ओढणाऱ्यांत सुमारे ६० टक्के. त्यांत व्हेपवाले थोडे होते, शंभरही नव्हते. पण ६० टक्के हाही आकडा काही लहान नाही, आणि माझ्या मनात तर एकच तोंड होतं.

वाफ. हा शब्दच किती निरुपद्रवी आहे आपल्याकडे. सर्दी झाली की डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घ्यायची, चवथीला पातोळ्या हळदीच्या पानांत वाफवायच्या. दुसऱ्या खेपेला बांबोळीहून परतताना बसमध्ये बाबू खिडकीकडे तोंड करून बोलत होता, आणि तो म्हणाला, "मला वाटलं, पाणीच आहे. वाफ." एका मित्राच्या वाढदिवसाला पहिल्यांदा हातात आली. खोलीत धूर होत नाही, कपड्यांना वास राहत नाही, घरमालकाला कळत नाही. फोनवर सांगितलं की स्कूटरवरून कोणी तरी आणून देतं. गांजा आधी शनिवारी, मग झोप येत नाही म्हणून रोज रात्री, सिगरेटमधली तंबाखू काढून तिच्यात मिसळून. म्हणजे तंबाखूही आलीच. आमची आजी जी भाजायची तीच, मी मनात म्हटलं, पण बोलले नाही. गोव्याने गुटख्यावर बंदी घातली २००५ साली, देशात ई-सिगारेट विकण्या-साठवण्यावर बंदी आली २०१९ साली, त्यात तुरुंगही आहे आणि लाखाचा दंडही. मी हे त्याला सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आत्या, आपल्या मागच्या खोल्यांत काय चालायचं?" त्यात उर्मटपणा नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं. कदंबची बस पर्वरीचा चढ चढत होती, आणि मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचलेलं नाही. तें तांचें, हे मी त्याला सांगू शकले नाही एवढं खरं.

दादाला मीच सांगितलं. मला वाटलं होतं तो हात उगारेल. तो सोप्यावर बसून राहिला, पायातली चप्पल काढून पुन्हा घालत. मागच्या खोलीत त्या वेळी दोन तरुण पाहुणे होते, आपल्याच देशातले, मुंबई-बंगळुरूकडचे कुणी. हल्ली तेच जास्त येतात. माडांमधून तो जुना वास येत होता. दादा उठला, खोल्यांकडे गेला, दारात थोडा वेळ उभा राहिला आणि काही न बोलता परत आला. त्या मोसमाचं भाडं आधीच घेतलेलं होतं. मी त्याला दोष देत नाही. त्या पैशांतून बाबूच्या दातांचं बिल निघणार होतं, हेही आम्हा दोघांना माहीत होतं.

एकोणिसाव्या वर्षी दोन रूट कॅनॉल, चार ठिकाणी भरण आणि एक दाढ गेलीच. ती काढली त्या दिवशी डॉक्टरने बजावलं की आता काहीही ओढायचं नाही, व्हेप नाही, सिगरेट नाही, शहाळ्यातली नळीसुद्धा नाही. ओढण्याच्या जोराने जखमेतली रक्ताची गुठळी निघून येते, खालचं हाड उघडं पडतं आणि मग होणारी कळ दाढदुखीपेक्षा वाईट. बाबू त्या कळेला घाबरला. तीन दिवस तो माझ्याकडे म्हापशाला राहिला, चिडचिड करत, खोलीत येरझाऱ्या घालत, नखं खात. दुसऱ्या रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून गेले, तर हा थंड पेज पीत ओट्याला टेकून उभा, डोळ्यांत पाणी. मी काहीच बोलले नाही. लोणच्याची बरणी उचलून आत ठेवली, कारण काहीतरी हलवणं भाग होतं. तीन दिवसांचे पाच झाले. जाताना व्हेप तो माझ्या टेबलावर ठेवून गेला, जांभळट रंगाची, खोडरबरासारखी दिसणारी वस्तू. किती तरी मुलांच्या कंपासपेटीत ती मी पाहिली असेन आणि खोडरबरच समजले असेन.

तेव्हापासून शाळेत माझी नजर बदलली आहे आणि ते मला आवडत नाही. कोणी वर्गात सारखं पाणी प्यायलं, कोणाचे ओठ फुटलेले दिसले, जिन्यात स्ट्रॉबेरीचा वास आला, की मी थबकते. ओठ थंडीने फुटतात, तहान कोणालाही लागते. एकदा एका मुलीला मी जवळ बोलावून, काही त्रास आहे का असं विचारलं, तर तिने खिशातून साधी पेपरमिंटची गोळी काढून दाखवली आणि तिचा चेहरा उतरला. तिच्याकडे तसं बघायला नको होतं. पण मग न बघितलेलं ते खाजं आठवतं. पालकसभेत आता मी मार्कांबरोबर तोंडाबद्दलही बोलते. रात्री मुलं काय खातात, पाणी किती पितात, दंतवैद्याकडे शेवटचं कधी नेलं होतं, आणि डॉक्टरने एकट्याशी बोलायला मागितलं तर खुशाल बाहेर बसा. काही पालक मोबाईल बघत असतात. एका वडिलांनी मात्र सभा संपल्यावर थांबून, खाली मान घालून, त्या डॉक्टरची ओपीडी कोणत्या दिवशी असते ते विचारलं.

बाबूने व्हेप पुन्हा घेतलेली नाही, असं तो म्हणतो, आणि मी विश्वास ठेवते. गांज्याबद्दल त्याने मला वचन दिलं नाही. "रोज नाही आता," एवढंच. ते मला पुरत नाही, पण ते खोटं नाही हे मला कळतं. हे सगळं मी त्याला विचारून लिहिते आहे. जत्रेचं लिही, तो म्हणाला, खाज्याचंही लिही. मेमध्ये मानकुराद आले तेव्हा मी पेटी घेऊन हरमलला गेले. त्याने पहिला आंबा हातात घेऊन बराच वेळ देठाशी हुंगला. फोड डावीकडे ठेवून हळूहळू खाल्ली, दातांना लागतं अजून, आणि म्हणाला, "त्याचा वास असा नव्हता, आत्या. याच्यात थोडा चीक आहे."

परवा आषाढातल्या पावसात सकाळी सातला त्याचा फोन आला. मी डबा भरत होते. "आत्या, रक्त आलं. ब्रश करताना. बेसिन गुलाबी झालं." मागून वहिनीचा आवाज येत होता, काय झालं, कसलं रक्त. डॉक्टरने हे आधीच सांगून ठेवलं होतं, की निकोटीन सुटलं म्हणजे हिरड्यांत रक्त पुन्हा नीट वाहू लागेल, काही दिवस ब्रशला लागेल, घाबरायचं नाही, घासणं थांबवायचं नाही, दाखवायला यायचं. मी विचारलं, "किती आलं?" तो म्हणाला, "थोडंच. पण आलं." मी खाली बसले. पोळी तव्यावर होती ती करपली. "दुखतंय?" "नाही. थांब हं," तो म्हणाला, आणि फोन तसाच चालू ठेवून त्याने चूळ भरली. एकदा, दोनदा, मोठ्याने.